'अलर्ट' : एका शब्दाचे अर्थ आणि व्यवहार (चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात)

इंग्रजीतून मराठीत रुळलेल्या शब्दांपैकी 'अलर्ट' हा शब्द चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत वणव्याच्या दिवसांपासून पावसाळा संपेपर्यंत सतत कानी पडतो. उंचावरून पहारा देणे या अर्थाच्या इटालियन शब्दसमूहातून तो निघाला व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पुढे येणाऱ्या संकटाकडे लक्ष असणे हा त्याचा मूळ भाव होय.

विशेषण म्हणून त्याचा अर्थ सतर्क किंवा सावध असा होतो. 'कर्मचारी अलर्ट आहेत' या वाक्यात कोणतीच संदिग्धता नाही. वृत्तपत्रांतून मात्र 'प्रशासन अलर्ट मोडवर' असा प्रयोग रूढ झाला आहे. 'मोड' या शब्दाने अर्थात कोणती भर पडते, हे सांगणे कठीण आहे.

नाम म्हणून हा शब्द आला की गुंतागुंत वाढते. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडून येथील संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साहाय्याने वणव्याच्या सूचना वनविभागास देत आहे. मोहफुले व तेंदूपत्ता यांच्या हंगामात वनरक्षकाच्या मोबाइलवर येणारा असा 'अलर्ट' आधीच लागलेल्या आगीविषयी असतो. तेथे तयारीची वेळ टळलेली असते, निघायचे असते.

हवामानाच्या अलर्टचे तसे नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या रंगसंकेतात हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे माहिती घेत राहा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. मूळ इंग्रजी तक्त्यात 'अलर्ट' हे नाव केवळ नारिंगी पायरीला आहे. मराठीत मात्र 'यलो अलर्ट', 'ऑरेंज अलर्ट', 'रेड अलर्ट' असे तिन्ही सरसकट अलर्टच झाले. परिणामी लक्ष ठेवणे, सज्ज होणे आणि हालचाल करणे यांतील भेद शब्दात उरला नाही. तो रंगाच्या इंग्रजी नावावर येऊन ठेपला. संत्र्यांच्या विदर्भातही रंग 'ऑरेंज'च राहिला, हे विशेष. शिवाय रंग केवळ पावसाचे मिलिमीटर सांगत नाही. संभाव्य परिणाम आणि त्याची शक्यता यांचाही त्यात विचार असतो.

याहून महत्त्वाची बाब अशी की, हा रंग पावसाचा असतो, नदीचा नव्हे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर मुख्यतः मध्य प्रदेशातील अतिवृष्टी व धरणांतील विसर्ग यांमुळे होता. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडल्यावर ब्रह्मपुरी व गडचिरोली तालुक्यांतील नदीकाठी पाणी चढते, मग तेथील आभाळ निरभ्र का असेना. भामरागडला वेढणाऱ्या पर्लकोटेचे पाणीही बव्हंशी छत्तीसगडकडून येते. म्हणून विसर्गाची सूचना स्वतंत्रपणे वाचावी लागते, आणि ती बहुधा 'क्युसेक'मध्ये असते. नदीकाठच्या शेतकऱ्याला त्या आकड्यावरून पाणी बांधापर्यंत येईल की घरापर्यंत, हे कळत नाही.

मराठीत 'इशारा', 'सतर्क', 'सज्ज' असे पायरीपायरीचे शब्द उपलब्ध आहेत. गावात कोतवाल दवंडी देई तेव्हा तीत क्रियापद असे: नदीकडे जाऊ नका, गुरे वर आणा. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू व बंगाली बोलणाऱ्या वस्त्यांच्या या प्रदेशात भाषांतर करता येते ते अशा वाक्याचे. 'ऑरेंज अलर्ट' सर्वत्र तसाच्या तसा उच्चारला जातो.