माठावरचे झाकण

मगरिबची अजान झाली की रोजेदाराचा हात खजुराकडे आणि पाठोपाठ पाण्याच्या पेल्याकडे जातो. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात, कापसाच्या धुळीत उभ्या राहिलेल्या कबनूरच्या कामगाराला त्या पहिल्या घोटाची किंमत विचारावी. पण ते पाणी कसे आहे, हेही विचारले पाहिजे. आपल्या भागाने त्याची किंमत एकदा मोजली आहे.

2012 मध्ये शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अनेक घरांत माणसे अंथरुणाला खिळली, काही दगावलीही. अशी साथ पसरवणारा विषाणू म्हणजे हिपॅटायटिस ई. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की तो पसरतो. शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला 2 ते 10 आठवडे जातात. म्हणजे पहिल्या रुग्णाचे डोळे पिवळे दिसतात, तोवर तेच पाणी कितीतरी जण प्यालेले असतात. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतू शकते.

उपाय मात्र घरातलाच आहे. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, ते झाकून गार करावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वच्छतेला ईमानचा निम्मा भाग मानले. झोपून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात घालू नयेत, रात्री पाण्याची भांडी झाकून ठेवावीत, अशी त्यांची शिकवण आहे. वजूची सुरुवातही हात धुण्यानेच होते. त्याला शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाची जोड द्यावी. पिंप, टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली, तर डेंग्यूच्या डासालाही घर मिळत नाही.

इफ्तारच्या सरबतातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारायला लाजू नये. मासे, दूध टिकवण्यासाठी बनवलेला बर्फ पिण्यासाठी नसतो. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर माळ घालण्यात, कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नयेत. थेट डॉक्टरांकडे जावे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. मधुमेहाच्या रुग्णांनीही गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलू नयेत, आधी सल्ला घ्यावा.

एक काम मात्र एकट्याच्या घरात होत नाही. गटारीजवळची पाइप गळत असेल, नळाला गढूळ किंवा वासाचे पाणी येत असेल, तर चार घरांनी मिळून त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. त्या नळाचे पाणी रोजेदाराच्या इफ्तारला लागते, तसेच शेजारच्या काकूंच्या एकादशीच्या फराळालाही. शेजाऱ्याचा हक्क म्हणतात तो हाच.

चंद्र दिसेल, ईद होईल, महिना संपेल. माठावरचे झाकण मात्र वर्षभर राहू द्या.