तंटामुक्ती समिती समेट घडवते, निकाल देत नाही

बांधावरून भांडण पेटलं की पहिला फोन तंटामुक्ती अध्यक्षाला. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या मोहिमेतली ही समिती ग्रामसभेत निवडतात. सदस्यांना पगार नाही, वर दोन्हीकडचा रोष! बांध, वाट, भाऊबंदकी, दोन्ही बाजू राजी असतील तर समेट होतो आणि कोर्टाचे हेलपाटे वाचतात.

पण खून, बलात्कार यांसारखे गुन्हे गावात मिटवता येत नाहीत. दंड ठोकायचा, ‘केस मागे घे’ म्हणून दमात घ्यायचं, हाही समितीचा अधिकार नाही. एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समेट पटला नाही तर कागदावर सही करू नका. पोलीस ठाणं, कोर्टाची वाट मोकळीच असते.