बोट लागते तेव्हा

मुंबई आणि कोकणाच्या दरम्यान आगबोटी चालत होत्या, तेव्हा ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी परिचयाचा होता. मग रस्ते झाले, कोकण रेल्वे आली आणि ‘गाडी लागणे’ तेवढे उरले. आता मात्र निवृत्तीनंतर परदेश पाहणाऱ्या मराठी माणसाला बोट पुन्हा लागू लागली आहे. फक्त ती मालवणला जाणारी नसते, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरची असते.

फेतिये बंदरातून निघून ओल्युदेनिझ, काश, केकोवा असे थांबे घेत देमरेला पोहोचणारी तीन रात्रींची सफर तिथे लोकप्रिय आहे. ‘गुलेत’ नावाची लाकडी, शिडांची बोट, त्यात दहा-पंधरा प्रवासी, खाली छोट्या खोल्या आणि वर झोपायलाही पुरेल असा डेक. तुर्की भाषेत अशा सफरीला ‘निळा प्रवास’ म्हणतात. १९२५ मध्ये बोद्रुम गावी हद्दपारीची शिक्षा भोगायला पाठवलेले लेखक जेवात शाकिर त्या किनाऱ्याच्या प्रेमात पडले. पुढे मित्रांना घेऊन साध्या होड्यांतून ते फिरू लागले आणि त्यातून ही प्रथा रुजली. केकोवा बेटाजवळ भूकंपामुळे खचून पाण्याखाली गेलेल्या प्राचीन वस्तीच्या भिंती आणि पायऱ्या आजही बोटीतून दिसतात.

हे सारे पाहण्यासारखे आहेच. पण बोटीवर डॉक्टर नसतो. काही खाड्यांना रस्ताही नाही. ओल्युदेनिझजवळच्या ‘फुलपाखरांच्या दरी’त जायचे तर बोट, नाही तर कड्यावरून उतरणारी धोक्याची पायवाट. त्यामुळे घरी किरकोळ वाटणारा त्रास इथे किती वाढू शकतो, याचा हिशेब निघण्यापूर्वीच करायला हवा.

बोट का लागते?

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि कॅल्शियमच्या सूक्ष्म खड्यांच्या दोन पिशव्या असतात. डोके वळले, कलले, वर-खाली झाले, की त्या मेंदूला कळवतात. बोटीच्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, ‘भिंती स्थिर आहेत.’ कान सांगतो, ‘आपण हलतो आहोत.’ या परस्परविरोधी खबरींनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ, जांभया, थंड घाम, उलटी हा क्रम सुरू होतो. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा देणारी संथ लाट याबाबत सर्वांत त्रासदायक ठरते.

कानाचा हा वाटा एका विलक्षण प्रयोगात दिसून आला. अमेरिकेच्या नौदलाने आणि अंतराळ संशोधकांनी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील अकरा पुरुषांवर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे चाचण्या केल्या. त्यांपैकी बहुतेकांच्या आतल्या कानाचे काम लहानपणीच्या मेंदुज्वराने थांबलेले होते. खवळलेल्या समुद्रात त्यांना नेले, तेव्हा ते मजेत पत्ते खेळत राहिले आणि संशोधकांनाच उलट्या होऊ लागल्या. म्हणजे बोट लागणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे, ते कान शाबूत असल्याचे लक्षण आहे. पाच वर्षांच्या बीगल सफरीत डार्विनलाही या त्रासाने सोडले नव्हते.

मुले, स्त्रिया, गरोदर महिला आणि अर्धशिशीचे रुग्ण यांना हा त्रास अधिक होतो. वयोमानाने तो काहीसा कमी होतो. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. पण सफरच तीन रात्रींची असली, की सवय होईपर्यंत परतायची वेळ येते. म्हणून आधीच काळजी घ्यावी. बोटीच्या मध्यभागी, डेकवर, मोकळ्या हवेत बसावे. नजर क्षितिजावर किंवा दूरच्या डोंगरावर ठेवावी. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावे. रिकाम्या पोटी राहू नये आणि तुडुंबही जेवू नये. आल्याचा काहींना उपयोग होतो, तेव्हा आलेपाकाच्या वड्या सोबत घ्यायला हरकत नाही.

गोळी घ्यायची तर ती बोट हलण्यापूर्वी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही आणि टिकली तरी तिचा परिणाम उशिरा होतो. सिनारिझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट ही यासाठीची नेहमीची औषधे. त्यांनी झोप येते, म्हणून त्यांच्यासोबत मद्य घेऊ नये. प्रोस्टेटमुळे लघवी अडखळणाऱ्यांनी आणि काचबिंदूच्या रुग्णांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. कंपवाताच्या रुग्णांनी सिनारिझिन टाळावे. घरात उलटीसाठी हमखास असणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी मात्र बोट लागण्यावर फारशी उपयोगी पडत नाही.

मधुमेह बोटीवर चढतो तेव्हा

खरी कसोटी मधुमेहींची. सकाळी नेहमीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतले, नाश्ता केला आणि तासाभरात तो उलटून पडला, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. उलट, ‘खाल्लेच नाही, तर इन्सुलिन कशाला?’ असे म्हणून ते पूर्ण बंद करणेही घातक. टाइप १ च्या रुग्णासाठी तर जिवावर बेतणारे. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना उलट्या आणि उपवास यांमुळे रक्तात आम्ले साचण्याचा धोका असतो. या गोळ्या अशा वेळी सहसा थांबवाव्या लागतात. उलट्या झाल्या तर कोणते औषध थांबवायचे, कोणते चालू ठेवायचे आणि किती, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. साखर मोजण्याचे यंत्र, ग्लुकोज पावडर आणि ओआरएसची पाकिटे हाताशी ठेवावीत. इन्सुलिन उन्हात ठेवू नये, तसेच थेट बर्फातही ठेवू नये; एकदा गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गुलेतवर चढताना चपला-बूट काढून ठेवायची पद्धत आहे. ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना दुपारच्या तापलेल्या लाकडाचा चटका कळतही नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. खडकाळ पाण्यात काटेरी गोळ्यासारखे सी-अर्चिन असतात, त्यांचे काटे पायात मोडतात. डेकसाठी मऊ तळव्याच्या स्वच्छ सपाता आणि पाण्यासाठी रबरी बूट न्यावेत आणि रोज रात्री दोन्ही तळवे पाहावेत.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ऊन, घाम आणि उलट्या यांमुळे चक्कर येऊ शकते. वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो, म्हणून पाणी कमी पडते आहे हे उमगत नाही. लघवी गडद झाली, तर तीच खूण समजावी. पाणी बाटलीतलेच प्यावे. टाकीतले पाणी धुण्यापुरते. पोहणे जेवणाआधी, मद्याशिवाय आणि कोणाच्या तरी नजरेसमोर.

प्रत्येक उलटी बोटीची नसते

हे सर्वांत महत्त्वाचे. मळमळ, थंड घाम, फिकट चेहरा, गळून गेल्यासारखे वाटणे ही बोट लागण्याची लक्षणे आहेत आणि हृदयविकाराच्या झटक्याचीही. विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाला झटका बसतो, तेव्हा उलट्या ठळक असतात; मधुमेहींमध्ये आणि वृद्धांमध्ये छातीत दुखेलच असे नाही. सोबतचे लोक लिंबू हुंगायला देतात, ‘झोपा जरा, बरे वाटेल’ म्हणतात आणि मोलाचे तास निघून जातात.

फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. बोट लागते ती बोट चालत असताना. नांगर टाकून बोट स्थिर झाली, की त्रास ओसरू लागतो. शांत खाडीत उभ्या बोटीवर घाम आणि मळमळ सुरू झाली, तर दोष बोटीला देऊ नये. छाती, जबडा, खांदा किंवा पोटाचा वरचा भाग जड वाटणे, दम लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही सोबत असेल, तर बोट चालत असली तरी थांबू नये. कॅप्टनला तातडीने सांगावे. तुर्कस्तानात सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. मोबाइलला रेंज नसेल, तर बोटीवरच्या रेडिओचे १६ क्रमांकाचे चॅनेल असते. अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी आणि रस्ता असलेल्या जवळच्या किनाऱ्याकडे बोट वळवायला सांगावे. फेतिये आणि काश या दोन्ही गावांत सरकारी रुग्णालये आहेत.

अलीकडेच झटका येऊन गेलेल्यांनी, थोड्या चालण्यानेही छाती भरून येणाऱ्यांनी ही सफर पुढे ढकलावी. बाकी बहुतेकांनी, साठी-सत्तरीतल्यांनीसुद्धा, तयारीनिशी जरूर जावे. विमा घेताना आपला जुना आजार लपवू नये. लपवलेल्या आजारावरचा दावाच आधी नाकारला जातो. औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, म्हणजे एक पाण्यात पडली तरी दुसरी उरते.

परतल्यावर घरातली फरशी डोलते आहे असे वाटले, तर घाबरू नये. समुद्राची सवय झालेला मेंदू जमिनीला पुन्हा सरावतो आहे, इतकेच. दोन दिवसांत ते थांबते. महिनाभर टिकले, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.