पिवळा धोत्रा

पिवळा धोत्रा (शास्त्रीय नाव: आर्जेमोन मेक्सिकाना) ही अफूच्या कुलातील, म्हणजे पॅपॅव्हरेसी कुलातील, काटेरी रानटी वनस्पती आहे. तिला काटेधोत्रा व फिरंगी धोत्रा अशीही नावे असून हिंदीत ती ‘सत्यानाशी’ म्हणून ओळखली जाते. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती भारतात सर्वत्र तण म्हणून पसरली आहे. तिच्या बिया मोहरीसारख्या दिसतात आणि त्यांचे तेल विषारी असते. म्हणून तिची अचूक ओळख महत्त्वाची ठरते.

नाव व वर्गीकरण

नावात ‘धोत्रा’ असला तरी खऱ्या धोत्र्याशी तिचे नाते नाही. खरा धोत्रा वांगी, बटाटा व मिरची यांच्या सोलॅनेसी कुलातील आहे. दोघांची बोंडे काटेरी असतात, एवढ्या साम्यावरून हे लोकनाम रूढ झालेले दिसते. कार्ल लिनीअस याने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटेरम’ या ग्रंथात या जातीचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले.

पिवळ्या चिकामुळे तिला ‘स्वर्णक्षीरी’ असेही म्हटले जाते. मात्र ही वनस्पती अमेरिकेतून आलेली असल्याने प्राचीन आयुर्वेदीय संहितांमधील स्वर्णक्षीरी ही नव्हे.

शारीरिक लक्षणे

हे झुडूप वर्षायू असून साधारणपणे ३० ते १०० सेंमी. उंच वाढते. पाने एकाआड एक, देठविरहित व खोडाला तळाशी वेढणारी असतात. त्यांच्या कडा खोलवर खंडित असून प्रत्येक खंडाच्या टोकाशी तीक्ष्ण काटा असतो. पानांचा रंग निळसर हिरवा असून शिरांलगत पांढरट पट्टे असतात. कोणताही भाग तोडला असता पिवळा चीक बाहेर येतो.

फुले ४ ते ६ सेंमी. व्यासाची, पिवळी व एकेकटी असतात. निदले तीन असून प्रत्येकाच्या टोकाशी शिंगासारखा काटेरी उंचवटा असतो. फूल उमलताना ती गळून पडतात. पाकळ्या सहा, तीन-तीनच्या दोन मंडलांत असतात. पुंकेसर अनेक असतात. कुक्षी तांबूस व खंडित असून कुक्षिवृंत अत्यंत आखूड असतो. बोंड लांबट व काटेरी असून पिकल्यावर वरच्या टोकाकडून चार ते सहा झडपांनी उकलते. त्यात अनेक काळसर, गोल बिया असतात.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींपासून फरक

एकाच लक्षणावरून निर्णय न करता चीक, फुलातील दलांची संख्या आणि बोंड ही तीन लक्षणे एकत्र पाहावीत.

धोत्रा: फूल कर्ण्याच्या आकाराचे, पाच पाकळ्या परस्परांना जुळलेल्या. पानांवर काटे नसतात व चीक येत नाही.

अफू (पॅपॅव्हर सोम्निफेरम): निदले दोन, पाकळ्या चार, चीक पांढरा. बोंड गोलसर व बिनकाट्याचे असून त्याच्या माथ्यावर कुक्षींची चकती असते. खसखस ही याच जातीची बी होय. अफूची लागवड १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याविना करता येत नाही.

तांबडी रानखसखस (पॅपॅव्हर ऱ्हिअस): फूल लाल, खोड राठ केसांचे, बोंड गुळगुळीत. त्यातील बिया चकतीखालच्या छिद्रांतून बाहेर पडतात.

आर्जेमोन ऑक्रोल्यूका: ही पिवळ्या धोत्र्याची सर्वांत जवळची सोबतीण. फुले फिकट पिवळी व कळ्या लांबट असतात. पिवळ्या धोत्र्याची कळी जवळजवळ गोल असते.

फुले येण्यापूर्वी काटेरी पानांमुळे उंटकटाऱ्याचा भास होऊ शकतो. परंतु उंटकटाऱ्याच्या पानाची खालची बाजू पांढरट लवेची असते, आणि त्याचा फुलोरा निळसर पांढऱ्या चेंडूसारखा असतो.

आढळ

पडीक जमिनी, शेतांचे बांध, नदी-ओढ्यांचे कोरडे काठ व रस्त्यांच्या कडा येथे ही वनस्पती वाढते. फुलांचा मुख्य हंगाम हिवाळा व उन्हाळ्याचा पूर्वार्ध हा असतो. नवी मुंबईतील तळवली, घणसोली यांसारख्या नागरी भागांत रिकामे भूखंड, भरावाच्या जमिनी व लोहमार्गालगतच्या कडा हे तिचा शोध घेण्याजोगे अधिवास होत. निरीक्षण करताना काट्यांपासून व चिकापासून, विशेषतः डोळ्यांना, जपावे.

विषारीपणा व भेसळ

अफूच्या कुलातील असूनही या वनस्पतीत मॉर्फीन नसते. तिच्या बियांच्या तेलात सँग्विनरीन हे अल्कलॉइड असते. ते केशवाहिन्यांची पारगम्यता वाढवते. परिणामी रक्तातील द्रव ऊतींमध्ये झिरपतो. पायांवर सूज, धाप लागणे, काचबिंदू आणि गंभीर रुग्णांत हृदयाचा निकामीपणा ही लक्षणे दिसतात. या विकाराला साथीचा जलशोथ म्हणतात. त्याची साथ कोलकात्यात १८७७ मध्ये नोंदली गेली. तिचा संबंध या बियांच्या तेलाशी १९२६ मध्ये जोडण्यात आला. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे मोठी साथ उद्‌भवून सुमारे ६० जणांचा मृत्यू झाला.

हे तण उत्तर भारतात मोहरीच्या शेतांतही वाढते व दोहोंच्या बिया एकाच सुमारास पिकतात. त्यामुळे मिसळ अनवधानानेही होऊ शकते. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो व दाबून फोडल्यास आत पिवळा असतो. पिवळ्या धोत्र्याची बी खडबडीत, जाळीदार पृष्ठभागाची व आत पांढरी असते. तेल झाल्यावर मात्र हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तेथे प्रयोगशाळेतील चाचणीच आवश्यक ठरते. नायट्रिक आम्लाच्या प्राथमिक चाचणीत भेसळयुक्त तेलाला नारिंगी ते तांबूस रंग येतो. म्हणून दाण्याच्या अवस्थेतच ओळख पटणे ही या विषबाधेपासून बचावाची पहिली पायरी होय.