ऑपरेशन झाले, आता रेडिएशन कशाला?

टाके निघाले, नाकातली नळी निघाली, बाबा घरी आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात बायॉप्सीचा अंतिम रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, ‘‘आता रेडिएशन घ्यावे लागेल.’’ घरात एकच प्रश्न उभा राहतो, गाठ तर काढली, मग आता हे कशाला?

भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू, गुटखा, खर्रा, मिशरी आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे. त्यामुळे हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो.

रेडिएशन कोणाला लागते?

सर्जन डोळ्यांना दिसणारी गाठ काढतो, पण न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात. गाठ मोठी असेल, जबड्याच्या हाडापर्यंत किंवा मानेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचला असेल, तर या उरलेल्या पेशींसाठी रेडिएशन दिले जाते. काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोग सापडला किंवा मानेतल्या गाठीचे आवरण फोडून तो बाहेर आला असेल, तर सोबत किमोथेरपीही देतात. लहान गाठ पूर्ण निघाली असेल, तर अनेकांना रेडिएशन लागतही नाही.

उशीर नको, खंड नको

ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवे. आठवड्यातून ५ दिवस, असे साधारण ६ आठवडे, म्हणजे सुमारे ३० वेळा ते घ्यावे लागते. ‘लग्न आटोपले की जाऊ’ किंवा ‘थोडी ताकद येऊ दे’ म्हणून पुढे ढकलू नका. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो.

आधी दातांच्या डॉक्टरांकडे

किडलेले, हलणारे दात रेडिएशनपूर्वीच काढावेत आणि जखम भरू द्यावी. रेडिएशन घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला, तर हाड भरून न येण्याचा धोका असतो, कधी ते सडूही लागते. हा धोका अनेक वर्षांनीही असतो. म्हणून पुढे कधीही दात काढायची वेळ आली, तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारा.

मशीनवर काय होते?

चेहरा आणि मान हलू नये म्हणून रुग्णाच्या मापाचा जाळीदार मास्क बनवतात. मशीन अंगाला लागत नाही, दुखत नाही, काही मिनिटांत काम होते. या उपचाराने रुग्णाच्या अंगात किरणे राहत नाहीत. आजोबा घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घेऊ शकतात.

तिसरा आठवडा कसोटीचा

पहिले काही दिवस बरे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, लाळ चिकट होते, चव जाते, मानेची त्वचा काळवंडते. इथेच अनेक रुग्ण घाबरून उपचार सोडतात. हा त्रास रोग वाढल्याचे लक्षण नाही, तो उपचाराचा परिणाम आहे. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत तोंड भरून येते. तोपर्यंत घरच्यांनी ही काळजी घ्यावी :

• पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या. दारू असलेले माउथवॉश नको.

• मऊ भात-वरण, नाचणीची पेज, मुगाचे कढण, शिरा, अंडे, दूध, केळ्याचे शेक थोडे थोडे द्यावे. ठेचा, लोणचे, लिंबू आणि खूप गरम पदार्थ टाळावेत.

• ब्लेडने दाढी नको. सुती, सैल कॉलरचे कपडे घालावेत.

• फिजिओथेरपिस्टने शिकवलेला तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा, नाहीतर जबडा आखडतो.

• वजन दर आठवड्याला पाहावे. गिळणे अगदीच अवघड झाले, तर डॉक्टर काही दिवस नळीने अन्न देतात. तो पराभव नाही.

ताप आला, पाणीही गिळता येईना, तोंडातून रक्त आले किंवा श्वास अडकू लागला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

नंतरही लक्ष हवे

चव हळूहळू परतते, तोंडाचा कोरडेपणा मात्र बराच काळ राहू शकतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा. मानेवर रेडिएशन झाले असेल तर थायरॉइडची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या.

तंबाखू मात्र कायमची बंद. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी टोल फ्री नंबरवर बोला. खर्चाची चिंता असेल, तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात विचारा. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

आणि तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, ‘‘आता पुरे, मी जाणार नाही,’’ तर वाद घालू नका. त्यांना डॉक्टरांसमोर बसवा, वेदना सांगू द्या. वेदनेवर औषध आहे, सुटलेल्या दिवसांची भरपाई मात्र कठीण आहे.