बेचाळीस मिलिमीटरची मोटरमन केबिन

मुंबईच्या जुन्या पिवळ्या-तपकिरी लोकलचं तोंड म्हणजे एक सपाट पत्रा आणि त्यात दोन काचा, असं पुष्कळांना वाटतं. मॉडेल करायला घेतलं की कळतं, सपाट तोंडच सगळ्यांत अवघड. वाफेच्या इंजिनावर नळ्या, झडपा, रिव्हेट यांची इतकी गर्दी असते की अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यात बुडून जाते. लोकलच्या केबिनला लपायला जागाच नाही. दोन काचांमधला खांब किंचित रुंद झाला, काचेचा कोपरा जरा जास्त गोल झाला, की वर्षानुवर्षं आठ-बारा पकडणारा माणूस लगेच म्हणतो, ‘ही आपली गाडी नाही वाटत.’ का, ते त्याला सांगता येत नाही. पण त्याचं बरोबर असतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत वीज १९२८ मध्ये आली. पुढे पेरांबूरच्या आयसीएफने आणि कोलकात्याच्या जेसॉपने लोकल बांधल्या, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची डीसी वीज बंद झाली तेव्हा मुंबईतला डीसीचा जमाना संपला. माझा जीव अडकला आहे तो या डीसी गाड्यांच्या केबिनमध्ये.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या चालत्या गाड्या बघून या छंदाला लागलेली बरीच मंडळी मला भेटली आहेत. मीही तिथे गेलो की लवकर निघत नाही. पण गाड्या चालवणं आणि गाडी घडवणं हे माझ्या मते दोन वेगळे छंद आहेत. तयार मॉडेलांच्या बाजारात युरोप-अमेरिकेच्या गाड्या हव्या तितक्या मिळतात. डीसी लोकल हवी तर कोऱ्या प्लास्टिक शीटपासून सुरुवात करायची. यालाच स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात.

पहिला प्रश्न मापाचा. एचओ हे प्रमाण १:८७. मुंबईच्या लोकलची रुंदी ३६५८ मिलिमीटर, म्हणजे बारा फूट. मॉडेलमध्ये ४२ मिलिमीटर. लांब पल्ल्याचा आयसीएफ डबा मात्र ३२४५ मिलिमीटरचाच, मॉडेलमध्ये जेमतेम ३७. मेल-एक्स्प्रेसच्या डब्याचा आराखडा घेऊन त्यालाच लोकलचं तोंड लावलं, तर गाडी उपाशी दिसते ती या पाच मिलिमीटरमुळे. रुळांचा घोळ वेगळाच. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोपच्या १४३५ मिलिमीटर रुळांवरून घेतलेले. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे खरं तर १९.३ मिलिमीटर हवेत. काहीजण हट्टाने रूळही हाताने घालतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. मी तयार रूळच वापरतो. बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, बाजूच्या फ्रेम योग्य अंतरावर लावल्या की चाकं आत सरकलेली आहेत हे सहसा ध्यानात येत नाही.

तोंडाची बाकीची मापं फोटोवरून काढायची. फोटो अगदी समोरून आणि लांबून, झूम लावून घेतलेला हवा. जवळून घेतला तर मधला भाग फुगतो. रुंदी ३६५८ ही ठाऊक असतेच. तिच्या हिशेबाने काच, खांब, दिव्याचा व्यास, गंतव्याच्या पाटीची चौकट सगळं काढता येतं.

मग मास्टर, म्हणजे ज्याच्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना. माझ्यासाठी सगळी गंमत इथे आहे. आतला थर एक मिलिमीटर स्टायरीन शीटचा, बाहेरचा अर्ध्या मिलिमीटरचा. काचांच्या जागा दोन्हीत वेगवेगळ्या कापायच्या, आतली किंचित लहान, म्हणजे काच टेकायला कड आपोआप तयार होते. कोपऱ्यांना आधी बारीक भोकं पाडायची आणि मग ती सुरीने जोडायची. अशाने प्रत्येक कोपऱ्याची गोलाई सारखी येते. समोरचा पत्रा बाजूला वळतो तिथे आतून चौकोनी पट्टी चिकटवून बाहेरून कानस मारायची. गोलाई तपासायला पत्र्याचा छोटा फर्मा करून ठेवावा. डोळ्यांवर विसंबू नये. शेवटी करड्या प्रायमरचा हात. पांढऱ्या प्लास्टिकवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा त्या करड्या रंगात उघडा पडतो. मग पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. एकूण वेळातला तीन-चतुर्थांश मास्टरला द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण ज्याचा साचा करायचा ते सिलिकॉन रबर काहीही माफ करत नाही. बोटाचा ठसा राहिला असेल तर तोही साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक रेझिनच्या प्रतीवर, म्हणजे कास्टिंगवर, उतरतो.

रबरी साच्याची ताकद मला नीट उमगली ती पेणला, गणपतीच्या एका कारखान्यात. बाहेर प्लास्टरचं कवच, आत लवचिक रबर. कारागिराने कवचाचे दोन भाग बाजूला केले आणि मोजा उलटा काढावा तसा साचा मूर्तीवरून सोलून काढला. सोंडेखालची पोकळी, बोटांमधली फट, सगळं शाबूत. कडक साच्यात अशा जागा अडकतात. आमच्या केबिनमध्ये छतावरच्या भोंग्याखाली आणि काचेच्या कडेत हीच अडचण असते, आणि उपायही हाच.

केबिन पोकळ असल्याने साचा दोन भागांत होतो. आधी मास्टरच्या पोटात माती भरून त्याला चौकटीत तोंड वर करून बसवायचं. मातीत गंधक असलेलं चालत नाही, कारण प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन गंधकाशेजारी नीट घट्ट होत नाही. सिलिकॉन उंचावरून, बारीक धारेने, चौकटीच्या एका कोपऱ्यात ओतायचं आणि त्याला आपसूक चढू द्यायचं. हवा बाहेर पडत जाते. घट्ट झाल्यावर सगळं उलटं करून माती काढायची, पहिल्या भागावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा, नाहीतर सिलिकॉन सिलिकॉनला कायमचं चिकटतं, आणि मग आतला गाभा ओतायचा. पहिल्या भागात आधीच खळगे ठेवलेले असले की दोन्ही भाग दर वेळी एकाच जागी बसतात. रेझिन ओतायची वाट केबिनच्या मागच्या कडेला ठेवावी. ती कड डब्याला चिकटते, त्यामुळे तिथला व्रण दिसत नाही. शिवाय ओतताना तोंड खाली राहतं आणि बुडबुडे वर, त्या मागच्या कडेकडे जातात.

पॉलियुरेथेन रेझिनचे दोन द्रव समप्रमाणात मिसळले की हातात दोन-तीन मिनिटं असतात. त्यातल्या एका द्रवातले आयसोसायनेट ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि रेझिन फेसाळतं. मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात हे काम काढूच नये. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा डबा फोडावा आणि लवकर संपवावा. हातमोजे, उघडी खिडकी आणि वाफेसाठीचा मास्क यांत कसलीही तडजोड नको. घासताना उडणारी धूळसुद्धा फुफ्फुसांना वाईट. ज्यांच्याकडे दाबाचं भांडं आहे ते साचा त्यात ठेवतात. बुडबुडा जात नाही, पण दाबाने इतका बारीक होतो की दिसत नाही. मात्र साच्याचं सिलिकॉनही त्याच दाबाखाली घट्ट केलेलं हवं. नाहीतर साच्यातलेच बुडबुडे दाबाने चेपतात आणि केबिनच्या तोंडावर पुरळ उठतं.

आता थ्रीडी प्रिंटर घरोघरी येतो आहे, मग हा खटाटोप कशाला, असं तरुण मुलं विचारतात. प्रिंटरने मास्टर जरूर करावा, पण थरांच्या रेषा घासून सपाट पृष्ठभाग काढणं हाताचंच काम आहे, आणि एकदा ते केल्यावर प्रत्येक प्रिंटवर पुन्हा करण्यापेक्षा साचा घेणं शहाणपणाचं. एका लोकलला दोन तोंडं तर लागतातच, एक मोटरमनचं, एक गार्डचं. दोन्ही तंतोतंत सारखी हवीत, आणि हाताने दोनदा कापलेल्या काचा कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत.

कास्टिंग तयार झालं की वरचं बारीक काम उरतं. काचांवरची दगडांपासून बचावाची जाळी मी बारीक चहाच्या गाळणीतून कापतो; ती रंगकामानंतर, अगदी शेवटी लावायची. धरायचे दांडे पितळी तारेचे. पिवळा आधी, तपकिरी पट्टा नंतर, कारण पिवळा रंग गडद रंगाला झाकत नाही.

साधारण वीस-पंचवीस कास्टिंग झाली की साचा काचेच्या कोपऱ्याशी फाटायला लागतो. अशा वेळी चांगलं उतरलेलं कास्टिंग घेऊन त्यावरूनच नवा साचा करायचा मोह होतो. तसं करू नये. सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही थोडं आकसतात. म्हणून मास्टरच ४२.२ मिलिमीटर ठेवलेला असतो. कास्टिंगवरून साचा घेतला की तेच आकसणं दुसऱ्यांदा होतं, आणि नवी केबिन डब्यापेक्षा लहान पडून छताच्या जोडाला पायरी दिसते. मास्टर कापसात गुंडाळून डबीत ठेवावा आणि दर वेळी नवा साचा त्याच्यावरूनच घ्यावा.