काळा रंग जातो कुठे?

मित्रहो, आपल्याकडे काळ्या रंगाचं नशीब मोठं अजब आहे. लग्नकार्यात काळं चालत नाही, सणावाराला चालत नाही. अपवाद काय तो संक्रांतीचा. पण इंजिनिअरिंगला आलं की हाच रंग एकदम मानाचा होतो. सेमिनार असो, व्हायवा असो की कॅम्पस इंटरव्ह्यू, नोटीस बोर्डावर ठरलेली ओळ : पांढरा शर्ट, काळी पँट. आणि बहुतेकांकडे अशी पँट एकच असते. दिवाळीत बर्डीवरून घेतलेली ही पँट एप्रिलपर्यंत राखेच्या रंगाची होते. मग "दुकानदारानं फसवलं बे!" असं म्हणून आपण मोकळे, आणि घरी फोन करून पुन्हा पैसे मागवायचे.

माझं म्हणणं असं की, दर वेळी दोष दुकानदाराचा नसतो, आणि दर वेळी रंग गेलेलाही नसतो. काळं कापड करडं दिसण्याची निदान चार कारणं आहेत आणि चारींचे उपाय वेगळे आहेत. कारण न शोधता उपाय करणं म्हणजे मल्टिमीटर न लावताच सर्किटमधले पार्ट बदलत बसणं!

आधी काळं म्हणजे काय ते बघू. कापडावर पडलेला बहुतेक सगळा प्रकाश जे शोषून घेतं, ते काळं. म्हणजे थोडासा जरी प्रकाश जास्त परत आला, तरी डोळ्याला फरक लगेच कळतो. पिवळ्या शर्टाचा रंग थोडा उतरला तर खपून जातं, काळ्याला ती सवलत नाही.

१) रंग पाण्यात गेला

सुती कापडाच्या काळ्या रंगासाठी मुख्यतः दोन प्रकारचे रंग वापरतात : सल्फर ब्लॅक आणि रिअॅक्टिव्ह ब्लॅक. सल्फर ब्लॅक स्वस्त असतो. तो आधी पाण्यात विरघळेल अशा रूपात आणतात, धाग्यात शिरू देतात आणि मग ऑक्सिडेशन करून आतच अडकवून टाकतात. रिअॅक्टिव्ह रंग सुताच्या सेल्युलोजशी थेट कोव्हॅलंट बंध जोडतो. पण रंगवताना त्यातला काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. हा भाग धाग्याला नुसता चिकटलेला असतो. मिलमध्ये तो नीट धुऊन काढला नाही, तर पहिल्या दोन-चार धुण्यांत तुमच्या बादलीत उतरतो. गडद काळ्यासाठी रंगही भरपूर लागतो, म्हणून उतरणारा भागही जास्त.

म्हणजे नवीन कपड्याचं पहिलं पाणी काळं झालं तर घाबरू नका, फक्त त्या बादलीत दुसऱ्याचा बनियन टाकू नका. चिंता तेव्हा, जेव्हा दहाव्या धुण्यालाही पाणी तितकंच काळं निघतं. त्याला एक कारण आपणच असतो : गरम पाणी, मूठभर पावडर आणि रात्रभर भिजवणं. पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो, आणि काही रिअॅक्टिव्ह रंगांचा बंध गरम अल्कलीत हळूहळू तुटतो. ब्लीचचं तर विचारूच नका. क्लोरीन सल्फर ब्लॅकला अक्षरशः खाऊन टाकतं.

पॉलिएस्टरचा मामला वेगळा आहे. त्याचा रंग साधारण १३० अंश सेल्सिअसला, दाबाखाली धाग्यात शिरवतात. तो आपल्या बादलीत सहजासहजी बाहेर येत नाही. म्हणूनच टेरिकॉटची पँट जीन्सपेक्षा जास्त दिवस काळी राहते.

२) रंग तसाच आहे, वर थर बसलाय

नागपुरात मला हे कारण सगळ्यात जास्त दिसतं. शहराला नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं येतं. पण होस्टेल, भाड्याच्या खोल्या आणि फ्लॅट स्कीममध्ये धुण्याला बऱ्याचदा बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी ईडीटीए टायट्रेशन केलंय. इरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचा, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की रीडिंग घ्यायचं, जर्नल सबमिट करायचं आणि विसरून जायचं. पण ज्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं रीडिंग आपण घेतलं, तेच नंतर आपल्या पँटवर येऊन बसतं!

साध्या साबणाची कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. पावडरमधला सोडा त्याच कॅल्शियमपासून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चक्क खडू तयार करतो. पांढऱ्या शर्टावर हा खडू दिसत नाही, काळ्यावर दिसतो. मी दोन सारख्या बाटल्यांत आमच्या बोअरचं आणि नळाचं पाणी घेऊन, दोन्हींत साबणाचं द्रावण सारखेच थेंब टाकून हलवून पाहिलं. नळाच्या पाण्यावर फेस राहिला. बोअरच्या पाण्यात फाटलेल्या दुधासारखे कण आले. तुम्हीही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

३) कापडाला लव आली

दगडावर आपटणं, ब्रशनं खसाखसा घासणं, मशीनमध्ये जीन्ससोबत फिरवणं. यानं धाग्यांची टोकं तुटून वर येतात. ही बारीक लव प्रकाश सगळीकडे विखुरते आणि कापड धुरकट दिसतं. ओलं असताना तेच कापड काळंभोर दिसतं, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेतं. पाण्याचा अपवर्तनांक सुताच्या जवळचा आहे, त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो. म्हणून कापड ओलं असताना त्याची परीक्षा कधीच करू नका.

४) उन्हानं खाल्लं

नागपूरचं ऊन मी सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. पण रंगाचा खरा शत्रू उष्णता नाही, अतिनील किरण आहेत. ते रंगाच्या रेणूतले बंधच तोडतात. रंग उन्हात किती टिकतो हे मोजायला निळ्या लोकरीची १ ते ८ अशी पट्टी वापरतात; दर पायरीला टिकण्याचा काळ ढोबळमानाने दुप्पट होतो. आणि गंमत बघा, आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की सावलीतही कपडे बघता बघता वाळतात. काळ्या कपड्याला गच्चीवर तळण्याची गरजच नाही!

मग ओळखायचं कसं?

खांदे, गुडघे, दोरीवर उन्हाकडे असलेली बाजू फिकी आणि शिलाईच्या आतली बाजू काळी असेल, तर ऊन. घासल्या जाणाऱ्या जागाच, म्हणजे मांड्या आणि खिशांच्या कडा धुरकट असतील, तर लव. सगळीकडे सारखाच पांढुरका मळकटपणा असेल आणि नखानं खरवडल्यावर भुकटी निघत असेल, तर थर. थराची खात्री करायला एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी घ्या. पँटच्या आतल्या दुमडीचा कोपरा त्यात दहा मिनिटं बुडवा, नळाच्या पाण्यात खळबळा, सावलीत वाळवा आणि बघा. कोपरा काळा झाला असेल तर अभिनंदन, तुमचा रंग शाबूत आहे! मग सगळी पँट तशीच धुऊन काढा. फक्त व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

इथे आजीच्या मिठाची आणि तुरटीची गोष्ट आलीच. पूर्वी वनस्पतींपासून केलेले रंग पक्के करायला तुरटी लागायची. काळ्यासाठी हिरड्याचं टॅनिन आणि लोखंडाचे क्षार वापरायचे. त्या रंगांसाठी ते शास्त्र बरोबरच होतं. आजच्या रिअॅक्टिव्ह रंगाला मात्र मीठ रंगवण्याच्या टाकीत मदत करतं, धुण्याच्या बादलीत नाही. व्हिनेगरही रंग पक्का करत नाही, थर काढतं.

आता धुण्याची पद्धत :

• कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवा. भिजवायचा तर दहा-पंधरा मिनिटं, रात्रभर नाही.
• पावडर किंवा वडीऐवजी लिक्विड डिटर्जंट वापरा. त्यात सहसा सोडा नसतो. पांढऱ्या कपड्यांच्या 'चमक' वाल्या पावडरी टाळा. त्यांतले चमक आणणारे पदार्थ काळ्या सुतावर साचून निळसर झाक देतात.
• बोअरशिवाय इलाज नसेल, तर निदान शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्या. पावसाळ्यात पन्हाळीचं स्वच्छ पाणी याहून उत्तम.
• ब्रश फक्त कॉलरला आणि पायाच्या दुमडीला, तोही हलक्या हातानं.
• सावलीत, उलटं वाळवा. इस्त्रीही उलट्या बाजूनं, नाहीतर टेरिकॉटवर चकाकी येते आणि ती जात नाही.
• दर वापरानंतर धुणं आवश्यक नाही. दोन तास घातलेली पँट हँगरला लावली तरी चालते.

रंग खरंच गेला असेल, तर मात्र धुण्यानं परत येणार नाही. सुती असेल तर बाजारातली काळ्या रंगाची पुडी आणून पुन्हा रंगवता येतं. तिथे मीठ खरोखर कामाचं! पॉलिएस्टर त्या पुडीला दाद देत नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी पँट करडी दिसली की लगेच घरी फोन लावू नका. आधी तो कोपरा व्हिनेगरमध्ये बुडवून बघा. घरच्यांनी पाठवलेले चार-पाचशे रुपये वाचतील, आणि फर्स्ट इयरची केमिस्ट्री कशाला शिकलो याचं एक तरी उत्तर मिळेल!